मानवशास्त्राची साधने: नीलगिरीच्या तोडांचे उदाहरण



मानवशास्त्राचे नाव निघाले की सामान्यतः एक चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. संशोधक दूरच्या एखाद्या वस्तीत जाऊन राहतो, तेथील लोकांची भाषा शिकतो, त्यांच्या सुखदुःखांत सहभागी होतो, टिपणांनी वह्या भरतो आणि परत आल्यावर ग्रंथ लिहितो. हे चित्र खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. संशोधक वस्तीत पाऊल टाकतो त्यापूर्वीच त्या लोकांविषयी पुष्कळ काही लिहिले गेलेले असते. प्रवाशांनी लिहिलेले असते, धर्मोपदेशकांनी लिहिलेले असते, महसूल खात्याच्या कारकुनांनी लिहिलेले असते. त्यांच्या वस्तू संग्रहालयांत जाऊन पडलेल्या असतात, त्यांची छायाचित्रे घेतलेली असतात, त्यांची शिरगणती झालेली असते. ह्या सर्व सामग्रीला आपण ‘साधने’ म्हणतो. ही साधने किती प्रकारची असतात आणि त्यांच्यावर कितपत विसंबावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

पाठ्यपुस्तकांत साधनांचे दोन वर्ग केलेले आढळतात. संशोधकाने स्वतः पाहिलेले, ऐकलेले, मोजलेले ते प्राथमिक. इतरांच्या लेखनावरून घेतलेले ते दुय्यम. विद्यार्थ्याला आरंभी ही विभागणी उपयोगी पडते. परंतु प्रत्यक्ष कामाला लागले की ती अपुरी पडू लागते. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या अधिकाऱ्याने एका जमातीविषयी ग्रंथ लिहिला, तर त्या जमातीच्या चालीरीतींच्या दृष्टीने तो कदाचित दुय्यम, ऐकीव माहितीवर आधारलेला असेल. पण त्या काळच्या राज्यकर्त्यांना ही जमात कशी दिसत होती, असा प्रश्न आपण विचारला, तर तोच ग्रंथ प्राथमिक साधन ठरतो. म्हणजे साधनाचा दर्जा आपण त्याला कोणता प्रश्न विचारतो ह्यावर अवलंबून असतो. ह्याला जोडून दुसरीही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. प्रत्येक साधन हे पूर्वी कोणीतरी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते. तो मूळ प्रश्न कळल्याखेरीज त्या उत्तराचा अर्थ लागत नाही.

हे तत्त्व नुसते सांगून भागणार नाही, म्हणून मी एकाच समाजाचे उदाहरण घेणार आहे. तो समाज म्हणजे नीलगिरीचे तोडा. आजच्या तमिळनाडू राज्यात, सुमारे दोन हजार मीटर उंचीच्या पठारावर हे लोक राहतात. लांब, बाकदार शिंगांच्या म्हशी पाळणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. त्यांच्या लहान लहान वस्त्यांना ‘मुंड’ म्हणतात. म्हशींचे दूध घुसळण्याची जागा हेच त्यांचे देवालय. ह्या दुग्धमंदिरांना पावित्र्याच्या चढत्या पायऱ्या आहेत आणि त्यांचे पुजारी कडक सोवळे पाळतात. शेजारी बडगा शेती करीत. कोटा लोहारकाम व कुंभारकाम करीत आणि अंत्यविधींच्या वेळी वाद्ये वाजवीत. कुरुंब रानातील जिन्नस आणून देत. तोडांची संख्या कधीच मोठी नव्हती. १९०१ च्या जनगणनेत ती सुमारे ८०० भरली. असे असूनही भारतातील फार थोड्या जमातींविषयी इतके लिहिले गेले आहे. पॉल हॉकिंग्ज ह्यांना १९७८ मध्ये केवळ नीलगिरीविषयक लेखनाची सूची देण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध करावा लागला. साधनांचे बहुतेक सर्व प्रकार येथे एका ठिकाणी पाहावयास मिळतात.

सर्वांत जुने साधन शिलालेखाचे आहे. होयसळ राजा विष्णुवर्धन ह्याचा सेनापती पुणिस ह्याच्या १११७ च्या कन्नड लेखात, त्याने तोडांना भयभीत केले, असा उल्लेख येतो. एवढ्या एका उल्लेखावरून काय निष्पन्न होते? बाराव्या शतकाच्या आरंभी त्या डोंगरांच्या परिसरात ह्या नावाचे लोक होते आणि मैदानातील राजसत्तेला ते ठाऊक होते, इतके खात्रीने म्हणता येते. ते भयभीत झाले होते की नाही, हे मात्र सांगता येत नाही. कारण हा विजेत्याचा स्तुतिलेख आहे. शिलालेख दगडावर कोरलेला असतो म्हणून त्यातील विधान दगडासारखे पक्के असते, असे नाही.

ह्यानंतर जवळजवळ पाच शतकांनी, १६०३ मध्ये, फेनिसिओ नावाचा इटालियन जेझुइट धर्मोपदेशक मलबारच्या बाजूने डोंगर चढून तोडांपर्यंत पोहोचला. ह्या डोंगरांत पूर्वी केव्हातरी ख्रिस्ती असलेले आणि कालांतराने धर्म विसरलेले लोक राहतात, अशी वदंता होती. तिचा शोध घेणे हा त्याचा हेतू होता. पोर्तुगीज भाषेतील त्याच्या वृत्तान्तात ख्रिस्ती धर्माचा मागमूस नाही. आहेत त्या म्हशी, दुग्धमंदिराचा पुजारी आणि अनेक भावांची मिळून एक पत्नी असण्याची चाल. त्याचा मुक्काम अल्प होता, भाषेचे ज्ञान नव्हते आणि दृष्टी धर्मप्रचारकाची होती. तरीही ह्या वृत्तान्ताचे मोल फार आहे. लेखकाला जे हवे होते ते त्याला मिळाले नाही, आणि जे त्याच्या अपेक्षेत नव्हते ते त्याने नोंदवून ठेवले. साक्षीदाराच्या इच्छेविरुद्ध जाणारी साक्ष सहसा अधिक विश्वसनीय असते. शिवाय, तीनशे वर्षांनंतरच्या संशोधकांना त्याच म्हशी, तोच पुजारी आणि तीच विवाहपद्धती आढळली. एकमेकांशी संबंध नसलेले दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, तेव्हा त्या गोष्टीला बळकटी येते.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज नीलगिरीवर आले. कोइंबतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ मध्ये तेथे गेला आणि पुढे थोड्याच वर्षांत उटकमंड हे थंड हवेचे ठिकाण वसले. येथून साधनांचा एक नवा प्रकार सुरू होतो, तो म्हणजे सरकारी कागदपत्र. ही जमीन तोडांच्या मालकीची आहे की त्यांना केवळ चराईचा हक्क आहे, ह्या प्रश्नावर अधिकाऱ्यांमध्ये दीर्घ वाद झाला. सलिव्हनने तोडांच्या मालकीची बाजू मांडली; सरकारचे धोरण मात्र तिच्या विरुद्ध जात राहिले. हा पत्रव्यवहार आज अत्यंत उपयुक्त आहे. पण त्यात तोडांचे म्हणणे जेथे जेथे येते, तेथे ते इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखणीतून, एक-दोन भाषांतरांतून गाळून आलेले असते. मालकी, भाडे, कर हे शब्द अधिकाऱ्यांचे होते. ज्या टेकडीवर देवतेचा वास आहे आणि जिच्यावर ठराविक कळपांनीच चरावयाचे असते, तिच्याशी असलेले नाते ह्यांपैकी कोणत्या शब्दात बसवावे, हा प्रश्न त्या कागदांत कोणी विचारलेला दिसत नाही. नांगर न लागलेल्या कुरणांना महसुली दृष्टीने पडीक जमीन मानले गेले, आणि पुढे त्यांतील पुष्कळ कुरणांवर निलगिरी व वॅटल ह्या परदेशी झाडांची लागवड झाली. कागदावरील एका शब्दाचा परिणाम डोंगराच्या रूपावर होतो, तो असा.

जनगणना हे सरकारी साधनच होय, परंतु त्याचा विचार वेगळा करावा लागतो; कारण आकडे निःपक्षपाती असतात अशी आपली समजूत असते. तोडांच्या जनगणनेत दरवेळी स्त्रियांपेक्षा पुरुष बरेच अधिक आढळत. पूर्वी त्यांच्यात काही मुली जन्मतःच मारल्या जात, ह्या माहितीशी हा आकडा जोडला गेला. जनगणना हे प्रमाण किती आहे ते सांगते. ते तसे का आहे हे सांगत नाही. त्याकरिता दुसऱ्या साधनाकडे वळावे लागते. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स ह्यांनी पुढे जमविलेल्या वंशावळींवरून पिढीवार हिशेब करता आला, आणि पुरुषांचे आधिक्य पिढी-दर-पिढी घटत चालले आहे असे दिसले. तथापि येथेही सावध राहिले पाहिजे. बालपणी वारलेल्या वा अविवाहित राहिलेल्या मुलींची नावे वंशावळीतून गळण्याचा संभव मुलांपेक्षा अधिक असतो. म्हणून जुन्या पिढ्यांतील फरक आहे त्यापेक्षा मोठा दिसू शकतो. एका साधनातील उणीव दुसऱ्याने भरून निघते, पण दुसऱ्यालाही स्वतःची उणीव असतेच.

१८७३ मध्ये तोडांविषयी दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. पहिला विल्यम मार्शल ह्या सैनिकी अधिकाऱ्याचा. कवटीच्या आकारावरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो, अशी एक विद्या त्या काळी प्रतिष्ठित होती आणि मार्शल तिचा अनुयायी होता. त्याच्या ग्रंथाच्या नावातच तिचा निर्देश आहे. ती विद्या आज पूर्णपणे त्याज्य ठरली आहे. मग हा ग्रंथही टाकून द्यावा काय? तसे करण्याचे कारण नाही. त्यातील अनुमाने सोडून द्यावीत. पण त्यातील छायाचित्रे, अंत्यविधींची वर्णने आणि वस्त्यांची माहिती चाळून घेता येते. मात्र छायाचित्रही निरागस नसते. कोणाला उभे केले, कोणत्या बाजूने चेहरा टिपला, काय चौकटीबाहेर ठेवले, ह्या निवडी छायाचित्रकाराच्या सिद्धान्तानेच ठरविलेल्या असतात.

दुसरा ग्रंथ नीलगिरीचे कमिशनर जेम्स ब्रीक्स ह्यांचा. तो त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. ब्रीक्स ह्यांनी डोंगरमाथ्यांवरील दगडी वर्तुळांतील जुनी थडगी उकरून मातीची भांडी, त्यांच्या झाकणांवरील प्राण्यांच्या आकृती, कांस्यपात्रे इत्यादी वस्तू मिळविल्या. त्यांतील पुष्कळ वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. वस्तू खोटे बोलत नाही, असे म्हणतात. परंतु ती आपण होऊन काही सांगतही नाही. ह्या थडग्यांचा तोडांच्या पूर्वजांशी संबंध आहे की नाही, ह्याविषयी विद्वानांत दीर्घकाळ मतभेद राहिले. वस्तू जेथे सापडली तेथील मातीचे थर, शेजारच्या वस्तू आणि त्यांची मांडणी ह्यांची काळजीपूर्वक नोंद झाली नसेल, तर संग्रहालयाच्या कपाटातील सुंदर भांडे अर्धेमुर्धेच साधन उरते.

आता आपण प्रत्यक्ष क्षेत्रकार्याकडे येतो. रिव्हर्स हे मूळचे वैद्य आणि मानसशास्त्रज्ञ. १८९८ च्या केंब्रिजच्या टॉरेस सामुद्रधुनीतील मोहिमेत त्यांनी वंशावळी गोळा करण्याची पद्धती बसविली. तिचे तत्त्व सोपे आहे. तुमच्यात मामेबहिणीशी लग्न चालते काय, असा अमूर्त प्रश्न विचारण्याऐवजी प्रत्येकाला त्याचे आईबाप, भावंडे, मुले ह्यांची नावे विचारावीत. कोणाचे कोणाशी लग्न झाले ते नोंदवावे. आणि नियम त्या नोंदींतून शोधावेत. १९०१-०२ मध्ये काही महिने नीलगिरीवर राहून त्यांनी ही पद्धती तोडांना लावली. १९०६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ आजही ह्या विषयाचा पाया मानला जातो. इरावती कर्वे ह्यांनी १९५३ मध्ये भारतातील आप्तसंबंधांच्या व्यवस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. अशा अभ्यासाची वाट रिव्हर्स यांच्यासारख्यांच्या कामामुळे सुकर झाली होती.

परंतु ह्या पद्धतीपुढे तोडांच्या रीतींनी दोन पेच उभे केले. पहिला असा की, तोडा आपल्या मृत आप्तांची नावे उच्चारीत नाहीत. ज्या कुटुंबाची वंशावळ हवी, त्या कुटुंबातील माणसाला ती सांगता येत नसे. रिव्हर्स ह्यांना ती इतरांकडून, एकान्तात मिळवावी लागली. म्हणजे येथे घरच्या माणसापेक्षा बाहेरचा माणूस अधिक उपयोगी साक्षीदार ठरला. दुसरा पेच पित्याविषयीचा. भावाभावांची एकच पत्नी असल्यामुळे ‘ह्या मुलाचा बाप कोण?’ ह्या प्रश्नाला आपल्या अर्थाने उत्तर नव्हते. पत्नी गरोदर असताना त्यांच्यापैकी एक जण तिला विधिपूर्वक धनुष्यबाण देई. तो त्या मुलाचा, आणि दुसऱ्या कोणी तो विधी करीपर्यंत पुढील मुलांचाही, पिता मानला जाई. वंशावळीतील ‘पिता’ हा शब्द हे विधिसिद्ध नाते दाखवितो. रक्ताच्या नात्याविषयी तो काही सांगत नाही. जो वाचक हे न जाणता त्या तक्त्यांवरून आनुवंशिकतेचे निष्कर्ष काढील, तो फसेल. आणि दोष तक्त्यांचा नसेल.

रिव्हर्स ह्यांच्या कामातील आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे. ज्या तोडांनी त्यांना पवित्र गोष्टींची माहिती दिली, त्यांच्यापैकी काहींवर त्याच सुमारास आपत्ती ओढवल्या. गुप्त ते उघड केल्याचे हे फळ आहे, असे लोकांनी मानले आणि माहिती देण्यास ते कचरू लागले. रिव्हर्स ह्यांनी हे स्वतःच नमूद केले आहे. ग्रंथातील रिकाम्या जागांनाही इतिहास असतो. मिळालेल्या माहितीची किंमत कोणीतरी भय पत्करून चुकविलेली असते, हे तिचा उपयोग करणाऱ्याने विसरू नये.

इतक्या परिश्रमांनंतरही एक मोठी गोष्ट रिव्हर्स ह्यांच्या नजरेतून सुटली. तोडांची कुळे बापाकडून चालतात, वस्ती आणि म्हशी ह्या कुळांच्या असतात, हे त्यांनी दाखविले. मरे एमेनो ह्या भाषाशास्त्रज्ञांनी १९३५ ते १९३८ ह्या काळात भारतात राहून तोडा भाषेचा अभ्यास केला. १९३७ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, प्रत्येक तोडा बापाच्या कुळाबरोबरच आईकडून चालणाऱ्या दुसऱ्या एका कुळाचाही असतो, आणि विवाह दोन्ही कुळे वर्ज्य करून करावा लागतो. मातृकुळाच्या मालकीची वस्ती नसे, कळप नसे. ते डोळ्यांना दिसत नसे. दुभाष्यांच्या मदतीने केलेली विचारपूस जे दिसते त्याभोवती फिरत राहिली. ज्याने लोकांच्या स्वतःच्या भाषेतील शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले, त्याला त्या कुळांचे नाव सापडले. दोघेही प्रामाणिक होते, दोघेही कुशल होते. त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र भिन्न होते.

एमेनो ह्यांच्याच परिश्रमामुळे तोडांची गीते आपल्याला उपलब्ध झाली. त्यांचा मोठा संग्रह १९७१ मध्ये निघाला. तोडा जवळजवळ प्रत्येक प्रसंगावर गीत रचतात. म्हैस, माणूस, टेकडी, दुग्धमंदिर, प्रत्येकासाठी ठराविक शब्दसमूह असतात आणि ते जोडीजोडीने येतात. ही गीते म्हणजे स्थळनामांचे आणि घटनांचे भांडारच होय. समाज आपल्याविषयी काय सांगू इच्छितो, हे येथे त्याच्याच मुखाने ऐकावयास मिळते. परंतु मौखिक साधनालाही त्याचा साचा असतो, आणि ज्याला ठराविक शब्दसमूह नाही ते गीतात सहजासहजी येत नाही.

मौखिक माहितीविषयी दुसरा धडा शेजारच्या कोटांकडून मिळतो. एमेनो आणि डेव्हिड मँडलबाम ह्या दोघांनाही त्या काळी सुल्ली नावाच्या इंग्रजी जाणणाऱ्या कोटा शिक्षकाचे साहाय्य लाभले. एमेनो ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या कोटा कथनांचे ते निवेदक. सुल्ली बुद्धिमान होते, सुधारक होते आणि त्यांची स्मरणशक्ती विलक्षण होती. पुढे मँडलबाम ह्यांनी त्यांच्यावर एक स्वतंत्र लेख लिहिला आणि आपल्या कथनांत सुल्ली स्वतःला मध्यवर्ती स्थान देतात, हेही नोंदविले. अशा नोंदीमुळे निवेदकाची योग्यता उणी होत नाही. उलट, तो कोण होता आणि समाजात कोठे उभा होता हे कळल्यामुळे त्याच्या शब्दांचा नेमका उपयोग करता येतो. ‘अमुक जमातीत असे मानतात’ असे वाक्य ग्रंथात वाचले की, हे किती जणांनी सांगितले आणि ते कोण होते, असा प्रश्न वाचकाने अवश्य करावा. सांगणारे पुरुषच होते काय, हाही त्यातलाच प्रश्न आहे.

आतापर्यंतच्या विवेचनाचे सार चार प्रश्नांत सांगता येईल. हे साधन कोणी निर्माण केले? कोणत्या हेतूने? कोणत्या भाषेतून आणि कोणाच्या मध्यस्थीने? आणि त्यात कोणाचा आवाज नाही? हे चार प्रश्न शिलालेखाला लागू पडतात, जनगणनेला लागू पडतात, आणि संशोधकाच्या स्वतःच्या टिपणवहीलाही तितकेच लागू पडतात. साधने परस्परांशी जुळली तर आनंदच आहे; पण ती जुळत नाहीत तेथे अधिक काळ थांबावे. रिव्हर्स आणि एमेनो ह्यांच्यातील विसंगतीनेच तोडांच्या समाजरचनेचे ज्ञान पुढे गेले.

हा सारा विचार केवळ विद्वानांच्या कामाचा आहे, असे कोणी समजू नये. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत, वनावरील हक्क सिद्ध करण्यासाठी कोणता पुरावा ग्राह्य धरावा ह्याची यादी तेराव्या नियमात दिली आहे. तीत गॅझेटियर, जनगणना, नकाशे आणि सरकारी अभिलेख आहेत. जुन्या नोंदींतील व्यक्तींपर्यंत पोहोचणारी वंशावळ आहे. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणासारख्या संस्थांनी केलेले चालीरीतींचे अभ्यास आहेत. घरे, दफनभूमी, पवित्र स्थाने अशा जमिनीवरील खुणा आहेत. दावेदारांव्यतिरिक्त इतर वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदनही आहे. आपण आज पाहिलेले साधनांचे बहुतेक प्रकार येथे कायद्याच्या भाषेत पुन्हा भेटतात. एकेकाळी जिज्ञासेपोटी लिहिलेली वंशावळ आज एखाद्या कुटुंबाच्या कुरणाचा आधार होऊ शकते. आणि निष्काळजीपणे लिहिलेला ‘पडीक’ हा शब्द त्याच कुटुंबाच्या विरुद्ध उभा राहू शकतो. वृद्ध माणसाच्या शब्दाला कायद्याने कागदाच्या पंक्तीला बसविले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मात्र तो शब्द उतरवून घेणाऱ्याला ऐकता आले पाहिजे.

तोडा समाज आजही आहे. त्याचा अंत जवळ आल्याचे भाकीत अनेकांनी केले होते, ते खरे ठरले नाही. त्यांच्या स्त्रियांच्या भरतकामाला २०१३ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. त्यांच्या टेकड्या, झरे आणि पवित्र स्थाने ह्यांची नावे अलीकडच्या काळात पुन्हा नव्याने नोंदविली गेली आहेत. तरुण छाब्रा ह्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्याविषयी चारशे वर्षे इतरांनी लिहिले, त्यांच्यातील शिकलेली मुले आज ते सर्व लेखन वाचू शकतात. हे आमच्या आजोबांनी सांगितले नव्हते, किंवा हे त्यांनी सांगितले पण लिहिणाऱ्याला कळले नाही, असे ती म्हणू शकतात. साधनांची परीक्षा करणारा एक नवा आणि अधिक जाणता परीक्षक अशा रीतीने पुढे आला आहे. यापुढे जे कोणी टिपणवही उघडतील, त्यांनी आपण लिहितो ते एक दिवस हाही वाचक वाचणार आहे, ह्याची जाणीव ठेवून लिहावे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.